मनगटापर्यंतच्या बाह्या

वैशाखातल्या दुपारी मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून बसायची शिक्षा कोण्या चोरालेही देऊ नये. मले ती माह्या पोरीनंच दिली. माप तिनंच घेतलं, शिवलंही तिनंच. अल्लीपुरात मयुरीची शिलाई नावाजलेली आहे, त्याच्यानं पोलकं असं घट्ट बसलं का बाही वर सरकायचं नाव घेईना.

"आई, आजचा दिवस काढ," ती म्हणे. "पाहुणे जेवून गेले का फेकून दे."

पाहुणे म्हणजे पवनारच्या रुपेशच्या घरचे. रुपेश वर्ध्याले बिजलीच्या ऑफिसात लागला आहे, अन् त्याचं अन् मयुरीचं एकमेकांवर मन बसलेलं आहे. पोरगं चांगलं आहे, मी पारखून पाह्यलं. आज त्याची माय शेवंताबाई पहिल्यांदा आमच्या घरी बोलणी करायले येऊन राह्यली होती. तिनं आधीच निरोप धाडला होता का जेवायले दुसरं काई नको, लांब पोळ्या करा, अल्लीपूरच्या सुलोचनाबाईच्या पोळ्यांचं नाव आमी लय ऐकलं.

ते सुलोचनाबाई म्हणजे मी.

लांब पोळी पोळपाटावर लाटत नाई, बाप्पा. कणीक इतकी सैल भिजवतात का हातातून ओघळते. ती आपटून आपटून मळली का तिले तार सुटते. मंग गोळा घ्यायचा, दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत ताणायचा, अन् चुलीवर मटका उलटा ठेवला असते त्याच्यावर अलगद टाकायचा. पोळी टाकणारीच्या हाताचं कातडं कोपरापर्यंत कणकेले लागते. लागल्याबिगर पोळी होतच नाई. अन् माह्या कोपरांवरच सोरायसिस आहे.

पहिले दोन चट्टे आले होते, रुपयाएवढे. लाल, वरून पांढरे पापुद्रे. पोळीत पापुद्रा पडला तं? ह्या एका भेवानं मी रोज सकाळी टाच घासायच्या दगडानं कोपरं घासत होती. रक्त निघे, तरी घासत होती. वरून कडूनिंबाचं पाणी. जितकं घासलं तितकं ते पसरलं, पहिले हातभर, मंग गुडघ्यावर, मंग डोक्यात. मले वाटे, घासणंच कमी पडून राह्यलं.

मंग एका लग्नात तानाबाईनं मले खुर्ची दिली. तानाबाई म्हणजे माही जोडीदारीण. मी पोळी टाकायची अन् तिनं मटक्यावरून काढायची, असं करून आमी दोघींनी अर्ध्या गावाची लग्नं जेऊ घातली. ती म्हणे, "तू लय केलं सुलोचना, आता बसून सांगत जाय फक्त." खुर्ची कशी, तं मांडवाच्या कोपऱ्यात, पंख्याखाली. लय मायेनं दिली. कोणी वाईट शब्द बोल्लं नाई. बोल्लं असतं तं मी भांडली असती, मले भांडता येते. पण खुर्चीशी कसं भांडावं? पुढच्या लग्नात तं खुर्चीचंही बोलावणं आलं नाई.

घरात मंग मी माहं ताट वेगळं केलं. कोणी सांगितलं नव्हतं, मीच केलं.

लोक समजतात का मन आजारी पडलं म्हणजे माणूस रडत बसते. मी रडली नाई. मले राग सुद्धा येईना, अन् मले राग येत नाई म्हणजे काय, हे अल्लीपुरात कोणालेही विचारा. भाजीत मीठ आहे का नाई ते कळेना. सकाळी जाग आली का पहिला विचार येई, काऊन आली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहत होती. आंघोळ राह्यली तं राह्यली, केस विंचरायचे राह्यले तं राह्यले. मी मेली तं ह्या घरचा त्रास मिटन, हे मले इतकं सरळ वाटे, जसं नासलं दूध फेकून द्यावं. ह्यात काही दुःख आहे असंही वाटेना.

बापूराव, म्हणजे माहे मालक, शाळेत शिपाई होते. माणूस गरीब, आवाज कधी चढला नाई. त्याहिनं जो जे सांगे ते मलम आणलं. गोमूत्र झालं, हळद झाली, हिंगणघाटच्या कोण्या वैद्याचं काळं तेल झालं. शेवटी मयुरीनं एक दिवस मशीन बंद केली, मले उठवून बसवलं, वेणी घातली अन् बसमधे टाकून सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

कातड्याच्या डॉक्टर यामिनी मॅडम माह्या पोरीएवढ्याच. कोपरं पाह्यली अन् विचारलं, "काकू, हे कशानं घासता?"

मी दगडाचं सांगितलं. त्याहिनं कपाळाले हात लावला नाई, हे बरं केलं. म्हणे, ह्या आजारात जिथं कातड्याले इजा होते तिथं नवा चट्टा उठतो. म्हणजे मी इतके दिवस दगड घेऊन माहा आजारच पेरून राह्यली होती, अन् तेही पोळी स्वच्छ राहावी म्हणून. हसावं का रडावं?

मंग त्याहिनं विचारलं, "झोप लागते का? जगावंसं वाटतं का?"

आता कोणत्या बाईले असं विचारतात काय? मले राग आला. लय महिन्यांनी आला. मी म्हटलं, "मॅडम, मी कातडं दाखवायले आली, मन नाई."

"दोन्ही एकाच माणसाची आहेत ना काकू," मॅडम म्हणाल्या. "मन खचलं की चट्टे वाढतात, चट्टे वाढले की मन आणखी खचतं. एकाचंच औषध केलं तर दुसरं त्याला परत खाली ओढेल."

त्याहिनं मले मनाच्या डॉक्टरकडं धाडलं. बापूराव तिथं बाहेरच्या बाकड्यावर बसून म्हणाले, "माही बायको पागल नाई. चाल घरी." मयुरी त्यायले समजावून राह्यली होती. मी दोघायचं ऐकत बसली. मंग उठली, पडदा सारला अन् आत गेली. मले कोणी ढकललं नाई, हे ध्यानात ठेवा.

दोन्ही औषधं चालू झाली. लावायचं मलम, कातड्याची गोळी, अन् रोज सकाळी जेवल्यावर मनाची एक गोळी. दगड मी उकिरड्यावर फेकला. चट्टे हळूहळू फिके पडले, पूर्ण गेले नाई अन् जाणारही नाई, मॅडमनं मले गोड गोड खोटं सांगितलं नाई. मनाचं म्हणान तं पहिले परत काय आलं, राग आला. दूधवाल्यानं पाणी घातलं होतं, त्याले मी दारात उभा करून झाडला. मी आत आली तं बापूराव डोळे पुसून राह्यले होते अन् हसूनही राह्यले होते.

बरं वाटलं म्हणून दिवाळीत मी मनाची गोळी आपल्या मतानं बंद करून पाह्यली. पंधरवड्यात मी पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली. तिथून उठतांना जे लागलं ते माहं मले माहीत. तेव्हाच मी ठरवलं का डॉक्टर म्हणत नाई तोवर ही गोळी चुकणार नाई, कोणासाठी नाई, कशासाठी नाई. तिसऱ्या खेपेले मी उठली नसती.

अन् आता मयुरीच्या लग्नाची गोष्ट निघाली तं बापूराव म्हणतात, "लग्न होईपर्यंत ते गोळी बंद ठेव ना. कोणी पाह्यलं तं म्हणतीन, ह्या घरात पागलपण आहे. पोरीले कोण करून घेईन?"

"नाई," म्हटलं.

ते वाद घालत नाई. त्यायची रीत वेगळी आहे. आज सकाळी जेवून पाहते तं फळीवरचं गोळ्यांचं पाकीट गायब, मलमाची नळीही गायब.

"पाहुणे गेले का देतो," ते म्हणे. "दुपारी घेजो. एका दुपारीनं काय होते?"

मी घर डोक्यावर घेतलं असतं, पण मयुरीच्या तोंडाकडं पाह्यलं. पोरगी दोन दिवसांपासून धड जेवली नव्हती. मंग मी गप्प बसली, ते पोलकंही घातलं. पण मले आतून कळून राह्यलं होतं का ही एक दुपार नाई. आज दुपार, उद्या साक्षगंध, परवा लग्न, मंग पहिली दिवाळी. ज्या दिवशी लपवायले लागलो त्या दिवसापासून कोपऱ्यातली खुर्ची पुन्हा माहीच.

पोळ्यांची सोय बापूरावनं अशी केली होती का मागच्या अंगणात तानाबाई पोळ्या टाकीन, अन् समोर सांगायचं का सुलोचनानं केल्या. म्हणजे नाव माहं अन् हात दुसरीचे. हे मले कोणी विचारलं नाई. मी मागं गेली तं तानाबाई चुलीपुढं बसून कणीक आपटून राह्यली होती. तिनं मान वर केली नाई. मी तशीच समोर परतली.

पाहुणे आले. जय भीम झाला, पाणी झालं. शेवंताबाई भरल्या अंगाची बाई, आवाज मोठा, डोळा बारीक. रुपेश खाली मान घालून बसला होता. शेवंताबाईनं घर पाह्यलं, मयुरीले जवळ बसवून शिलाईचं विचारलं, मंग माह्याकडं वळून म्हणाली, "पोळ्या झाल्या का बाई?"

मी तोंड उघडायच्या आत बापूराव बोलले, "होऊन राह्यल्या ना. आतापर्यंत हीच बसली होती मटक्यावर. आत्ताच उठली."

शेवंताबाईनं माह्या बाह्यांकडं पाह्यलं. जांभळ्या रंगाच्या, मनगटाशी घट्ट, कणकेचा एक ठिपका नाई.

"ह्या बाह्यांनी?" ती म्हणाली.

बापूराव खांद्यावरचा दुपट्टा सारखा करायले लागले.

"मीही पोळ्या करते बाई," शेवंताबाई म्हणाली. "मनगटापर्यंत बाह्या घालून पोळी टाकणारी मी अजून पाह्यली नाई. अर्धी कणीक बाहीलेच लागन ना."

घ्या. बापूराव, मयुरी, तानाबाई, तिघंही जन्मापासून लांब पोळी खाल्लेले लोक. माहे हात झाकायचं सुचलं, माह्या नावानं पोळ्या करून घ्यायचं सुचलं, पण झाकल्या हातानं पोळी होत नाई हे एकाच्याही डोक्यात आलं नाई. मलेही आलं नाई, खरं सांगते. लपवायच्या नादात माणसाले आपलंच घर दिसत नाई.

शेवंताबाई उठली अन् सरळ मागच्या अंगणात गेली. आमी सगळे तिच्या मागं. तिथं तानाबाई कोपरापर्यंत भरल्या हातानं मटक्यापुढं उभी, चोर सापडावा तशी.

बापूराव म्हणाले, "ते काय झालं, हिले कालपासून ताप..."

"थांबा," मी म्हटलं. "ताप नाई मले. मयुरी, कैची आण."

"आई, नको ना," ती म्हणाली. एकदम बारीक आवाजात.

"तू शिवलं, तूच उसव."

मयुरीनं रुपेशकडं पाह्यलं. रुपेशनं आपल्या मायकडं पाह्यलं. मंग माही पोरगी आत गेली अन् छोटी कैची घेऊन आली. ती बाही टरकावून टाकू शकत होती, पण तिनं कापली नाई. खांद्याजवळची शिवण एक एक टाका करून उसवली, माह्या कातड्याले टोक लागू दिलं नाई. मंग दुसरी बाही उसवली. वारा लागला. लय बरं वाटलं.

कोपरं उघडी पडली. चट्टे फिके गुलाबी, कडेले थोडे पापुद्रे. उन्हात सगळं साफ दिसून राह्यलं होतं.

"हे काय झालं हाताले?" शेवंताबाईनं विचारलं.

"सोरायसिस. लय वर्षांपासून आहे. औषधानं दबते, जात नाई." कातड्याचं सांगतांना जीभ अडखळली नाई. पुढचं सांगतांना मी मटक्याकडं पाह्यलं. "अन् त्याच्यापायी माहं मनही आजारी पडलं होतं. मले जगायची इच्छा राह्यली नव्हती. त्याची गोळी मी रोज घेते. ह्यायनं ती आज तुमच्यासाठी लपवून ठेवली."

बापूराव जमिनीकडं पाहून राह्यले.

"लागते का दुसऱ्याले?" शेवंताबाई म्हणाली.

"नाई लागत. हात लावून नाई, ताटात जेवून नाई, पोळी खाऊन नाई."

"मले भेव वाटते बाई. खोटं काऊन बोलू."

"वाटू द्या," मी म्हटलं. "मले तं माह्याच हाताचं भेव वाटत होतं. पुढच्या खेपेले सावंगीले माह्यासंगं चाला, डॉक्टरले तोंडावर विचारा."

तिनं मयुरीकडं पाह्यलं. "पोरीले होईन का?"

"होऊही शकते, नाईही होणार. झालं तं ती दगडानं घासत बसणार नाई अन् भिंतीकडं तोंड करून पडणार नाई, एवढं मी पाहीन. तुमाले पटत असन तं पोरगी देते, नाई पटत तं जेवून जा. पण लपवून देणार नाई."

असं म्हणतांना मले मयुरीकडं पाहायची हिंमत झाली नाई. तिचं सगळं ह्या एका दुपारीवर होतं अन् मी ते चुलीपुढं मांडून ठेवलं होतं. पण मंग माह्या पाठीमागून तिचाच आवाज आला, "आई, हात धू. कणीक सुटून राह्यली."

मी दोन्ही हात खांद्यापर्यंत धुतले, स्वच्छ फडक्यानं टिपले. तानाबाई परातीपुढून बाजूले होऊन उभी राह्यली, जाऊ का थांबू असं तिचं झालं होतं.

"चालली कुठं?" मी म्हटलं. "काढायले कोण बसन? तुही जागा तेच आहे."

तिनं हात धुतले अन् मुकाट्यानं मटक्याच्या बाजूले बसली. तिच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. धूर होता असं ती अजूनही म्हणते. म्हणू द्या.

पहिली पोळी फाटली. इतक्या दिवसांनी हात कुठं ऐकतात? ती मनगटाजवळच तुटली अन् अर्धी चुलीत पडली. कोणी हसलं नाई, त्याचाच मले जास्त राग आला. दुसरा गोळा घेतला. झुलवला, ओढला, कोपरावर घेतला. कणीक थंडगार, लेकरासारखी हातावर पसरली. मटक्यावर टाकली तं तीत भोक नव्हतं.

हात भरलेलेच होते. मी मान न वळवता म्हटलं, "मयुरीचे बाबा, माही गोळी आणा."

बापूराव हलले नाई. मी पुन्हा म्हटलं, "वेळ टळून गेली. आणा."

ते आत गेले. कोठीचं झाकण वाजलं. परत आले तं हाताले ज्वारीचा भुसा लागलेला, एका हातात पाकीट, एका हातात पाण्याचा तांब्या. माह्यापुढं येऊन थांबले. मी कोपरापर्यंत भरलेले हात वर करून दाखवले, आता मी कशी घेऊ? मंग त्याहिनं तांब्या खाली ठेवला, पाकीट दाबून गोळी काढली अन् सगळ्यायच्या समोर माह्या तोंडात घातली. तांब्या तोंडाले लावला. थोडं पाणी गळ्यावर सांडलं, ते आपल्या दुपट्ट्यानं पुसलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसानं चारचौघात माह्या अंगाले हात लावला नव्हता.

"ज्वारीत ठेवली होती," ते हळूच म्हणाले.

"मले सकाळीच कळलं होतं," मी म्हटलं. "तुमचं सगळं ज्वारीतच असते."

रुपेशले हसू आलं, त्यानं ते खोकल्यात दाबलं. शेवंताबाई हसली नाई. ती सगळं पाहून राह्यली होती, गोळी, बापूरावचा हात, माही कोपरं. मंग तिनं तिथलाच पाट ओढला अन् चुलीपासून थोडी दूर बसली. माही पोळी तानाबाईनं काढून ताटात घडी घालून ठेवली होती. शेवंताबाईनं तिचा एक कोपरा तोडला. तुकडा हातात धरून बसली. मले वाटलं ठेवून देईन. ठेवला असता तरी मी तिले वाईट म्हटलं नसतं, अन् उद्या सकाळी गोळीही घेतलीच असती.

तिनं तो तोंडात टाकला. लय वेळ चावला.

"जाड झाली," ती म्हणाली. "कडा तं लयच जाड राह्यल्या. इतकं नाव ऐकलं होतं तुमचं."

तानाबाई माह्याकडं पाहायले लागली. अन् मले काय झालं सांगू, माहं अंग हलकं झालं. किती दिवस झाले, माह्यात कोणी खोट काढली नव्हती. सगळे हळू बोलत होते, सांभाळून बोलत होते, खुर्ची देऊन राह्यले होते. ही पहिली बाई जिनं मले खुर्ची दिली नाई, माही पोळी जाड आहे म्हणून सांगितलं.

"हात बसला नाई अजून," मी म्हटलं. "तुमी उठू नका. पुढची पाहा."

अन् मी पुढचा गोळा घेतला.